बॉनेटआडून

कट्.

मास्तरांनी चावी पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. कट्. पुढे हूं नाही की चूं नाही.

"घ्या! हिलाही आजचाच दिवस सापडला!" मास्तर गाडीवर खेकसले. शेजारी बसलेली बायको काचेबाहेर दवाखान्याच्या तळघरातले खांब बघत होती. तिने मान वळवली नाही, कारण तिला ना ते कट् ऐकू गेलं होतं, ना मास्तर. तापाचं निमित्त होऊन तिचे कान गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

मास्तर शाळेत पी.टी. शिकवायचे. आवाज असा, की त्यांची कुजबुजसुद्धा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचायची. घरात मात्र ज्या एका माणसाशी बोलायचं, तिलाच ऐकू येत नव्हतं. तरी गडी गप्प बसला नाही. ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असली तरी मास्तर शाळेतली सगळी भांडणं तिला साग्रसंगीत सांगायचे. लेक हसायची, "बाबा, आईला पाठीला कान नाहीत हो." मास्तर म्हणायचे, "माहीत आहे. मला तोंड आहे ना!"

मग नात झाली. ती बोबडं बोलायला लागली आणि बाई हट्टाला पेटली. सुईला घाबरणारी बाई ऑपरेशनला तयार झाली. कानामागे यंत्र बसलं आणि आज ते चालू करायचा दिवस होता. वर तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी शब्द म्हणून पाहिले, टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी तर तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली. प्रत्येक वेळी ती मान हलवून एकच सांगत होती, "नुसती खरखर."

"काहींना वेळ लागतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि काहींना?"

"काहींना खरखरच राहते, मास्तर."

जिना उतरताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. आणि खाली आल्यावर ही गाडी.

मास्तरांनी दिवे लावले. समोरची भिंत उजळली. चावी फिरवली, तर कट् झालं आणि दिवे एकदम मलूल झाले. म्हणजे घोडं बॅटरीपाशीच पेंड खात होतं. त्यांनी खाली उतरून बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकावर पांढरट हिरवा थर चढला होता आणि तिथली वायरची पकड चक्क बोटाने हलत होती. ती आवळायला पाना हवा. पान्यांची पिशवी जावयाने नेली होती, ती नेलीच होती.

मास्तरांनी बायकोच्या खांद्याला हात लावला, तोंडासमोर तोंड आणलं आणि तिला चालकाच्या जागी बसायला सांगितलं. मग हात वर करून दाखवला. पंजा दिसला की चावी फिरव, मूठ दिसली की सोड. तिने मान डोलावली. शिडी धरायची असो की कपाट सरकवायचं असो, त्यांच्या घरात कामं अशीच चालायची.

रुमालाने टोक पुसून मास्तरांनी बॉनेटच्या बाजूने पंजा बाहेर काढला. कट्. घराच्या किल्लीने थर खरवडला, पुन्हा पंजा. कट्. पकड पिळून दाबली तर ती घट्ट बसत होती, पण त्याला दोन्ही हात लागत होते, आणि एक हात काढला की ती पुन्हा वर येत होती.

मदतीला कोणी आहे का म्हणून त्यांनी मान वळवून पाहिलं. रखवालदाराची खुर्ची रिकामी होती. तळघरात चिटपाखरू नव्हतं.

"आता तिसरा हात कुठून आणू?" मास्तर बॅटरीला म्हणाले. आणि तिथेच, बॉनेटमध्ये डोकं खुपसलेल्या अवस्थेत, ते बायकोशी बोलू लागले. "माझीच चूक झाली गं. तू हट्ट धरलास, मी नको म्हणायला हवं होतं. उगाच तुझ्या डोक्याला चिरा पाडल्या. नाही ऐकू आलं तर नाही! आपलं काय अडलं होतं?"

मास्तरांनी नाक खांद्याला पुसलं, दोन्ही हातांनी पकड पिळली, सगळं वजन टाकून दाबून धरली आणि वैतागून म्हणाले, "मार गं, चावी मार एकदा!"

इंजिन धडधडून सुरू झालं.

"झाली! अगं, झाली की सुरू!" मास्तर टुणकन उडाले. पकड जागची हलली नव्हती. त्यांनी बॉनेट दाणकन आपटलं, काळ्या झालेल्या हातांनी टाळी वाजवली आणि कप जिंकलेल्या पोरासारखे गाडीला वळसा घालून खिडकीशी आले. सवयीप्रमाणे त्यांनी तोंड तिच्या तोंडासमोर नेलं आणि ओठ मोठे करकरून सांगितलं, "सु-रू झा-ली!"

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. एक हात अजून चावीवर होता, दुसरा कानामागे.

"ओरडताय कशाला एवढं?" ती म्हणाली. "'चावी मार' म्हणालात, मारली."