मापात बसवलेला ट्रेलर

हौसेच्या जुन्या गाडीवर धूळ बसू नये म्हणून एका शहाण्यानं चारी बाजूंनी बंद ट्रेलर बनवून घेतला, तोही गाडीच्या अंगाला घासेल इतका मापात. "दाजी, बाजूला एक छोटं दार ठेवा की," मेहुणा म्हणाला. "मला अक्कल शिकवू नकोस!" हा शहाणा खेकसला. बायको जीप चालवायला बसली तरी हा शेजारून कोकलायचाच, "ब्रेक! अगं, ब्रेक!"

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या सकाळी जीपला ट्रेलर जोडून त्यानं गाडी ऐटीत आत घातली आणि बायकोला मागचं दार लावायला सांगितलं. मग उतरायला गेला, तर गाडीचं दार चार बोटांपलीकडे उघडेना. घाबरून त्यानं फोन लावला. "अगं, मी अडकलोय! मागचं दार उघड आधी!"


"बसा तिथंच," जीप सुरू करत बायको म्हणाली. "आज कुठं जरा निवांत चालवायला मिळतंय."