टाचेच्या भेगा

कोमातल्या नवऱ्याच्या तळव्यांना ती रोज संध्याकाळी तेल चोळायची. पडून राहिलेल्या माणसाचे तळवे तान्ह्या बाळासारखे मऊ होतात, तसे त्याचेही झाले होते. आज मात्र टाचांना भेगा होत्या, आणि भेगांत ओली माती.

"चादरीला घासून झालं असेल," सासूबाई म्हणाल्या. "तुझं लक्ष असतं कुठं?"

तिनं बोटानं ती माती पुसून काढली. जिन्यावरून पडला त्या दिवशी तो बॅग भरून तिला कायमचा सोडून निघाला होता, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणायचे, सेवा करावी तर हिनं.

तिनं स्वतःचा पाय वळवून पाहिला. दिवसभर ओल्या अंगणात अनवाणी राबणाऱ्या बाईची टाच, पण कशी गुलाबी, गुळगुळीत, जमिनीला कधी टेकलीच नसल्यासारखी. तिनं सेफ्टी पिन काढून टोचून पाहिली. काहीच जाणवलं नाही. मग तिनं ती जोरात खुपसली.

पलंगावर त्यानं झटकन पाय आखडून घेतला.

"शुद्धीवर येतोय गं माझा लेक," सासूबाई रडायलाच लागल्या. "नुसती बसून काय राहिलीस? ऊठ, डॉक्टरांना बोलाव."

ती उठायला गेली.

उठून बसला तो.