वाटेची दशमी

तुळजाबाईनं फडक्याची गाठ सोडली आणि मंडळीत हशा पिकला.

बाकीच्यांनी ज्वारी आणली होती, कुणी तूर, कुणी लाल मिरच्या. सुग्रीवनं तर पाय बांधलेली कोंबडी आणली होती आणि ती प्रार्थनेतही मधूनमधून साथ देत होती. ह्या सगळ्याशेजारी तुळजाबाईच्या फडक्यात पाच दशम्या होत्या. शेळीच्या दुधात पीठ भिजवून केलेल्या, अजून ऊन.

"आगं आजे," सुग्रीव पोट धरून म्हणाला, "मास्तर दशमांश म्हनले व्हते, दशमी न्हाई! पिकल्याल्यातला दहावा वाटा देवाला द्यायचा आसतो."

चूक तिची तरी कशी म्हणावी? निजाम सरकारचा सारा सगळ्यांना ठाऊक होता. दशमांश हा शब्द मात्र गेल्या रविवारीच वस्तीत पहिल्यांदा आला होता, तोही राधाकिशन मास्तरांच्या तोंडून, आणि मास्तर उपदेश करताना भराभरा बोलत. तेव्हा वस्तीतल्या ख्रिस्ती मंडळीचं देऊळ म्हणजे शाळेची एक खोली, पुढं कडुनिंब, आणि त्याला घंटेच्या जागी टांगलेला नांगराचा फाळ. काय दिवस होते ते! पुढं पक्कं देऊळ झालं, चांगली घंटा आली, पण फाळाचा तो आवाज काही त्या घंटेला येत नाही.

तुळजाबाईचं तोंड एवढंसं झालं. ती घाईघाईनं फडकं गोळा करू लागली.

"मला काय ठावं, मास्तर," ती म्हणाली. "तुमी चार कोस पायी येता, हितून तसंच चकलांब्याला जाता. मला वाटलं, वाटंला दशमी मागितली. मी म्हनलं, मागितली ते बरं झालं. आमाला कावून सुचलं न्हाई इतके दिस?"

हसू जागच्या जागी थांबलं. दोन वर्षं मास्तर दर रविवारी येत होते, आणि वाटेत खाता काय, हे त्यांना कुणीही विचारलं नव्हतं.

मास्तर खाली बसले. बाप्तिस्मा घेऊन घर सोडलं, त्या दिवशी त्यांची आई एक शब्द बोलली नव्हती. पण निघताना तिनं हातात दशम्यांचं गाठोडं दिलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर कुणी त्यांना वाटेची दशमी बांधून दिली नव्हती. फडक्यातून तोच दुधाचा, भाजल्या पिठाचा वास आला.

"गाठ मारू नका, आजी," ते म्हणाले. त्यांनी एक दशमी उचलली. "ही माझी. बाकीच्या घरी न्या."

"आन दिल्यालं माघारी नेऊ? चार दिस सरवा येचलाय मी. रानात पडल्यालं येक येक कणीस गोळा केलंय."

"मग घरी पीठ किती ठेवलंत?"

"पीठ कुठलं? तेवढंच व्हतं."

"अहो, मग घरी ठेवलंत तरी काय?"

तुळजाबाई गोंधळली. एकदा ऐकण्यात चूक झाली होती, पुन्हा व्हायला नको होती. तिनं पदर सावरला आणि मास्तरांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"शेळी ठिवलीया. ती बी आनायची व्हती का?"