तक्रारदाराचं नाव

"गरम पाण्याचा नळ? अख्ख्या ओळीत कुणाकडे आहे? एक नाव सांगा!"

इलाइसाने अर्ज टेबलावर आपटला. आपिया बंदरातल्या मासळीबाजारामागच्या त्या कचेरीत खाद्य परवाने देणारे सेउली एकटेच बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुला नवा परवाना हवाय ना? मग नळ लागेल. नियम आहे."

नियम! धक्क्यालगत सात टपऱ्या होत्या. सातही ठिकाणी कच्चा मासा नारळाच्या दुधात कालवून विकला जाई. नळ एकीतही नव्हता. सहा जणींना हे गृहस्थ नळ बसवायला दर वर्षी मुदत वाढवून देत. टाळं ठोकलं ते फक्त तिच्या आईच्या टपरीला. एकतीस वर्षांत जिच्या हातचं खाऊन कुणाचं पोट दुखलं नाही, तिच्याच. कारण विचारलं तेव्हा एवढंच उत्तर मिळालं, की तक्रार आली आहे.

मग दीड वर्ष आई घरात बसून राहिली. येणारे-जाणारे सेउलींच्या नावाने बोटं मोडत. आई चटईवरचा कचरा उचलत म्हणे, "सरकारपुढे आपण काय बोलणार?" हळूहळू तिचं अन्न तुटलं. गेल्या महिन्यात ती गेली. इलाइसाच्या लेखी ती त्या टाळ्यानेच गेली.

मयताला मान म्हणून देतात ती बारीक विणीची चटई घेऊन सेउली आले होते. इलाइसाने गावादेखत ती परत केली. याहून मोठा अपमान कुणी कुणाचा करत नाही. ते चटई काखेत धरून, मान खाली घालून निघून गेले. तिला वाटलं, अपराधी माणूस असाच जातो.

"तक्रार कुणाची होती?" तिने विचारलं.

"जाऊ दे आता."

"जाऊ कसं दे? माझ्या आईच्या तोंडाला काळं फासलंत, आणि वर मला नळ शिकवता! वारसाने मागितली तर फाइल दाखवावी लागते. हाही तुमचाच नियम ना?"

"नको मागूस, पोरी."

"मागतेय. काढा."

सेउलींनी कपाट उघडलं. फाइल तिच्यापुढे ठेवली आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आत वहीतून फाडलेला एक कागद होता. अक्षर ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"साहेब, महिना झाला, मला वास येत नाही. मासा नासला तरी कळत नाही. परवा चर्चच्या पाळकांच्या नातवाला माझ्याकडचं खाऊन दवाखान्यात न्यावं लागलं. माझ्यावर कुणाला शंकासुद्धा आली नाही. आलेल्या माणसाला रिकामं परत पाठवणं मला जमत नाही. खरं सांगायची लाज वाटते, आणि लेकीशी खोटं बोलता येत नाही. म्हणून टाळं तुम्ही लावा. लोक तुम्हाला शिव्या घालतील. माझी इलाइसा सगळ्यांत जास्त घालेल. माझं नाव सांगू नका. एवढं सोसाल का, ते खाली लिहा."

खाली सेउलींची सही होती. सहीच्या वर एकच शब्द होता.

सोसेन.