माजघरासाठी भिंग

"पडला तरी फुटत न्हाय, मथुराक्का. हीच तर ह्याची खुबी हाय की!" चांदसाबनं घडीचा कॅमेरा फट्‌दिशी मिटून दाखवला. आत फिल्मची गुंडाळी होती.

"फुटत न्हाय?"

"आजाबात न्हाय."

"मग नको. फुटणारा दावा, चाचा."

चांदसाब बघतच राहिला. विलायतेला निघालेल्या साहेबांचं सामान लिलावात घ्यायचं आणि भवानी पेठेत बसून विकायचं, यात त्याची दाढी पिकली होती. पण फुटणारी वस्तू मागणारं गिऱ्हाईक त्यानं आजवर बघितलं नव्हतं. आणि गिऱ्हाईक तरी कोण, तर दवाखान्यातली सुईण! पेठेतल्या निम्म्या पोरांची नाळ हिनं कापलेली. हाडांचे फोटो अंधाऱ्या खोलीत धुवायचं कामही दवाखान्यात हीच करायची, त्यामुळं ती अगदीच अडाणी नव्हती म्हणा.

त्यानं आतून लाकडी पेटीचा जुना कॅमेरा आणला. चामड्याचा भाता, त्याला ठिगळं. ह्याला दर फोटोला एक काच घालावी लागायची. चेहरा त्या काचेवर उमटायचा आणि काच सांभाळून ठेवली की तिच्यावरून हवे तेवढे फोटो छापता यायचे.

"हवे तेवढे," मथुराबाई म्हणाली. "तितंच तर मेख हाय."

तिचा राग काही झाकलेला नव्हता, सगळ्या पेठेला ठाऊक होता. धाकट्या बहिणीचा, महानंदाचा फोटो स्थळाला दाखवायला म्हणून तिनं भीमाशंकर फोटोवाल्याकडं काढला. त्या मेल्यानं काच ठेवून घेतली, चांगला हातभर फोटो छापला आणि दुकानाबाहेरच्या काचेच्या कपाटात टांगला. पानाच्या गादीवरचे रिकामटेकडे तिथं माना वाकड्या करून उभे राहायला लागले. मंद्रूपचे पाव्हणे बाजाराला आले, त्यांनीही बघितलं. "रस्त्यावर टांगलेली पोरगी आमाला नको," म्हणून ठरलेलं लग्न मोडून गेले. तेव्हापासून महानंदानं उंबरा ओलांडला नव्हता. फोटो उतरवा म्हणून मथुराबाई भीमाशंकरच्या हातापाया पडून आली, तर हा म्हणतो कसा, "बाई, त्या फोटोनं माझं गिऱ्हाईक वाढलंय!"

"माज्याकडं फोटो काढला की काच त्या बाईच्याच हातात द्यायची," ती चांदसाबला म्हणाली. "तिनं ठिवावी, न्हाईतर उखळात घालून कुटावी."

"या अल्ला," चांदसाब पुटपुटला.

आता भिंग. पैसे होते ते एकाच भिंगापुरते. चांदसाबनं दोन भिंगं पुढ्यात मांडली. एक हलकं, स्वस्त. "ह्ये घे. अख्खी वरात मावतीया ह्यात. पैसा वरातीतच हाय." दुसरं पितळी, चांगलं वजनदार. "ह्यात एकच तोंड येतं, पर उजेड लई खेचतं."

"छपराच्या सान्यातनं येतो, तेवढ्या उजेडात फोटो निघंल?"

"निघंल की. पर माजघरात फोटोवाल्याला कोण घेतंय?"

"मला घेत्यात."

"ह्ये घेतलंस तर तिपाईला पैसं उरत न्हाईत," एवढंच तो म्हणाला. कॅमेरा कणगीवर ठिवीन, असं सांगून मथुराबाईनं कनवटीचे पैसे सोडले.

तेवढ्यात भीमाशंकर दुकानात शिरला. साहेबाचं पितळी भिंग आलंय, ही बातमी त्यालाही लागली होती. ते मथुराबाईच्या हातात बघून आधी तो हसला. मग चांदसाबनं, सांगू नये ते सगळं, काचा कुटायच्या बेतासकट सांगून टाकलं, तसं त्याचं हसू मावळलं. लग्नाच्या पोरींचे फोटो हाच त्याचा निम्मा धंदा. आणि ही बया तर पेठेतल्या घराघरात थेट बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जाणारी!

"बाई, भिंग मला सोडा," तो म्हणाला. "चांदसाब, तुम्हाला दुप्पट देतो. आणि बाई, तुमच्या बहिणीचा फोटो आत्ताच्या आत्ता उतरवतो. काचही देतो. फोडा, जाळा, काय हवं ते करा."

चांदसाबला हायसं वाटलं. "घे, मथुराक्का! ह्याच्यासाठीच तर एवढा आटापिटा केलास."

मथुराबाईच्या डोळ्यांपुढं महानंदा उभी राहिली, चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून बसलेली. नुसतं व्हय म्हणायचं होतं. घरी जाऊन सांगायचं होतं, उतरला गं बाई एकदाचा. शब्द ओठापर्यंत आला. तेवढ्यात तिचं लक्ष भीमाशंकरच्या कपाळाकडं गेलं. तिथं घाम फुटला होता. तो बघून तिच्या काळजाला असा गारवा मिळाला, की फोटो टांगल्यापासून तसा मिळाला नव्हता.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्यो फोटो तितं हाय, तवर एक बाई तुमची पायरी चढायची न्हाय. मी घरोघर सांगीन, जावा, बघून या, ह्यो पोरींचं काय करतोय त्ये."

"अगं, पर पोरगी?" चांदसाब कळवळून म्हणाला. "तिचं काय?"

मथुराबाईनं भिंग ओच्यात बांधलं, पेटी काखेत मारली आणि ती बाहेर पडली.

भीमाशंकरच्या दुकानापुढं रिकामटेकडे उभेच होते. तिला बघून ते बाजूला झाले. कपाटाच्या काचेवर रस्त्याची धूळ बसली होती, महानंदाचं तोंड धड दिसत नव्हतं. मथुराबाईनं पेटी खाली ठेवली आणि पदरानं ती काच लख्ख पुसून काढली.