तीन नळ्या

कागदावर लिहिलं होतं, 'आता लाल, निळ्या आणि पिवळ्या लोकरीच्या तीन नळ्या विणून किडनीच्या खोलगट बाजूला शिवा.' तिने ते वाचलं आणि तिन्ही गुंडे पिशवीत परत टाकले.

किडनी तशी तयारच होती. मुठीएवढी, गडद तांबूस, एका बाजूने आत वळलेली. आत कापूस ठासून भरलेला. नमुन्यात तिला दोन डोळे आणि हसरं तोंडही होतं. ते तिने कालच गाळलं होतं.

"झालं का?" नवऱ्याने बाहेरच्या खोलीतून विचारलं. "ताई निघालीसुद्धा."

"झालंय."

"हसरी केलीस ना? ताई पोट धरून हसेल बघ."

ऑपरेशनला आज वर्ष झालं होतं. नवऱ्याच्या पोटात त्याच्या थोरल्या बहिणीची किडनी होती. पहिली तपासणी खरं तर बायकोची, म्हणजे तिचीच झाली होती. पण गाडी रक्तगटापाशीच अडली. मग ताईंचं सगळं जुळलं. तेव्हापासून जो भेटेल तो म्हणायचा, "नशीब काढलंस हो, अशी नणंद मिळाली." ती मान डोलवायची. मान डोलवण्यावाचून तिच्या हातात होतं काय?

आणि रोज सकाळी सातला ताईंचा फोन. "काय म्हणतेय आपली किडनी?"

आपली.

नवरा खो खो हसायचा, पेलाभर पाणी प्यायचा आणि गटागटा आवाज फोनवर ऐकवायचा. तोच पेला तिने पुढे केला की, "ठेव तिथे, पितो नंतर." गोळ्यांच्या वेळा तिने पाळल्या, पथ्याचं तिने शिजवलं, पहिले दोन महिने लघवीसुद्धा तिने मापली. पण जीव वाचवला तो ताईंनी.

नणंद आली ती जिना चढून दमली होती. नवऱ्याने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि धीर न निघून ती भेट लगेच तिच्या ओंजळीत ठेवली. "घे, तुझी तुला परत!"

नणंद हसली. मग नवरा आइस्क्रीम आणायला खाली गेला. जाताना म्हणाला, "लिंबाचं ना ताई? मला माहितेय."

नणंदेने किडनी उलटीसुलटी करून पाहिली. "छान झालीय गं. नळ्या नाही लावल्यास?"

"नमुन्यात नव्हत्या."

कागद टेबलावरच पडला होता, चित्रासकट. नणंदेची नजर तिकडे गेली, आणि तिचीही. तिचे कान तापले.

"मुद्दामच नाही लावल्या," ती म्हणाली. "दिली ती दिली ना ताई? मग रोज सकाळी दोरी कशाला ओढता?"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, आता या उठून जातील. जाऊ देत. नणंद उठली नाही. तिने लोकरीची किडनी मांडीवर ठेवली.

"किडनीचं विचारलं तर तो पाच मिनिटं तरी बोलतो," ती म्हणाली. "एरवी तुमचं लग्न झाल्यापासून त्याने मला आपणहून किती फोन केले, सांग? लहानपणी झोपेत कूस बदलली तरी मला हाक मारायचा. मग तू आलीस. शर्ट कुठला घ्यायचा तेही तुला विचारून. दहा वर्षं मी तुझ्यावर जळलेय."

नणंदेने लोकरीच्या किडनीवरून अंगठा फिरवला.

"आणि खरं सांगू? तुझा रक्तगट जुळला नाही म्हणून कळलं ना, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने. भाऊ मरणाच्या दारात, आणि मला आनंद झाला होता."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"दुखतं का अजून?" तिने विचारलं. वर्षभरात हे तिने पहिल्यांदाच विचारलं होतं.

"गारठा पडला की. त्याला सांगू नकोस."

"बघू?"

नणंदेने कुडत्याची डावी बाजू वर केली. बरगडीखालून निघालेला व्रण तिरका उतरत पोटाकडे गेला होता. जाड, चकचकीत, मध्ये एके ठिकाणी किंचित उचललेला. तो पाहून कीव यायला हवी होती. आलीही, पण मागाहून. आधी तिला वाटलं, हा व्रण माझ्या अंगावर असता तर.

"हात लावू?"

नणंदेने मान हलवली. तिने बोट बरगडीपाशी टेकवलं आणि सावकाश खाली आणू लागली. अर्ध्यावर आली तेव्हा जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली. दारात किल्ली फिरली.

तिने बोट काढलं नाही.