रंगूबाईचा वरवंटा

"आभासी बारसं? हे काय नवीन काढलं?" लंकाबाईंनी फोनवरची पत्रिका लेकीच्या नाकासमोर धरली.

"आभासी म्हणजे दिसतं, पण हाताला लागत नाही," मीना म्हणाली. "बाळ टोरांटोत, आपण ओझरात. फोनवरच बारसं."

"मग पाळण्यात काय घालू, फोन?"

नातवाला सव्वा महिना झाला होता. मुलाला, मनोजला, रजा मिळेना आणि लंकाबाईंच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपायचा नाही. नवऱ्याची सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात गेली, पण ही बाई कधी विमानात चढली नाही. रोज फोटो यायचे. फोटोतून पोर केवढं आहे ते कळतं का? त्याला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच तिचं मागणं. त्यापायी जीव नुसता तुटत होता.

शेवटी तिनं पाळणा बांधलाच. बारशात बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालायची रीत. पण घरचा वरवंटा सोडून ती शेजारच्या रंगूबाईचा मागून घेऊन आली.

"आपल्या वरवंट्याला काय धाड भरली?" मीनानं विचारलं.

"लय हलका हाय तो." आणि तिनं रंगूबाईच्या वरवंट्याला टोपडं बांधलं.

संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, बारसं झालं. आत्याचा मान मीनाचा. तिनं फोनला तोंड लावून नाव सांगितलं, तिकडं मनोजनं फोन बाळाच्या कानाशी धरला. रुद्र! बायकांनी टाळ्या वाजवल्या, घुगऱ्या खाल्ल्या. बाळ झोपेतच हसलं. तेवढ्यात मनोजची मीटिंग सुरू झाली आणि फोन बंद झाला.

बायका गेल्या, तरी लंकाबाई टोपड्यातला वरवंटा मांडीवर घेऊन बसली होती. हळूहळू थोपटत होती.

"अगं आई, दगड आहे तो!" मीनाला भरून आलं.

इतक्यात रंगूबाई दारात आली. "झालं ना बारसं? द्या माझा वरवंटा, चटणी वाटायचीय."

लंकाबाईंनी वरवंटा पदराखाली ओढला.

"राहू दे ना गं आजच्या दिवस. मनोजनं वजन सांगितलं, तसे गल्लीतले पाच वरवंटे दुकानात काट्यावर घालून पाहिले मी. बरोब्बर सव्वाचार किलोचा तुझाच निघाला. माझ्या रुद्रएवढा."